स्टिअरिंगचा पिवळा दिवा

गाडी चालवायला मी चाळिशी उलटल्यावर शिकले, आणि तेही हौसेने नाही. नवऱ्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या, त्याला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला वापीला न्यायचं होतं, आणि नेणारं घरात दुसरं कुणी उरलं नव्हतं. सासऱ्यांनी उभं आयुष्य चिकूच्या वाडीची जीप हाकली, पण त्यांची नजर अधू झाली होती. त्यांच्या हातून किल्ली मीच काढून घेतली होती. मुलगी पुण्याला शिकायला. मग राहिलं कोण? मी. जी सायकलवरूनसुद्धा समोर म्हैस दिसली की उतरून उभी राहायची.

लोक विचारायचे, डहाणूहून वापीला इतक्या गाड्या आहेत, ट्रेनने का नाही जात? विचारायला काय जातंय! चार तास मशीनवर रक्त धुऊन निघालेला माणूस पिळलेल्या फडक्यासारखा होतो. बीपी खाली जातं, पाय लटपटतात, कधी रस्त्यातच उलटी होते. त्याला धरून स्टेशनचा जिना चढून दाखवा, मग मला शहाणपण शिकवा. आणि मशीनची वेळ ठरलेली असते. तुम्ही उशिरा पोचलात तर मागचा पेशंट काही तुमच्यासाठी थांबत नाही, तुमचेच तास कापले जातात. कापलेल्या तासांचं पाणी अंगात राहतं, छातीत चढतं. एकदा ते चढलेलं मी पाहिलं होतं. उशांना टेकून, बसूनच रात्र काढली होती माणसाने. त्यानंतर मला वेळेची दहशतच बसली.

तर मंगळवार आणि शुक्रवार. डहाणूहून समुद्राकाठाने बोर्डी, तिथून आत वळून झरी, तलासरीला हायवे, आणि मग अच्छाडच्या नाक्यावरच्या ट्रकांच्या रांगा चुकवत वापी. मी पाठ केलेला रस्ता. कुठला खड्डा कुठे, कुठल्या वळणावर कुणाची गुरं आडवी येतात, सगळं तोंडपाठ.

नोटबंदीच्या आदल्या वर्षी पावसाळा सरता सरता झरीच्या अलीकडे एक खड्डा नवीन पडला होता. तो पाण्याने भरलेला होता, त्यामुळे मला वाटलं डबकं आहे. गाडीचं डावं पुढचं चाक असं काही दणकलं की नवऱ्याचं डोकं खिडकीला आपटलं. बाकी काही झालं नाही. फक्त तेव्हापासून गाडी सरळ जायची आणि स्टिअरिंग मात्र उजवीकडे कललेलं असायचं. जुन्या ड्रायव्हरला त्याचं काही वाटलं नसतं. पण माझं शिकणंच असं होतं की स्टिअरिंगच्या मधलं चिन्ह सरळ, म्हणजे गाडी सरळ, म्हणजे आपण जिवंत. ते चिन्ह तिरकं झाल्यावर मला काही सुचेना. सारखं वाटायचं, आपण कुठेतरी घसरत चाललोय.

तलासरीला हायवेलगत एक चाकांचं अलाइनमेंट करणारा होता. त्याने गाडी मशीनवर चढवली, खाली शिरला, पाने फिरवले आणि म्हणाला, "मॅडम, बरंचसं आलंय. थोडं राहिलंय ते खालचा एक रॉड बदलल्यावर येईल. माल आला की फोन करतो. तोवर चालवून बघा, बसेलही."

म्हणजे चिन्ह अजून बोटभर तिरकंच होतं. त्या दिवशी संध्याकाळी मी घरात सगळ्यांचं डोकं खाल्लं. सरकारचा उद्धार केला, रस्त्याचा केला, त्या अलाइनमेंटवाल्याचा केला. "एवढं साधं सरळ करता येत नाही मेल्याला! मी अशी वाकडी मान करून चालवू का गाडी?" असं बरंच काही. नवरा कॉटवर पडून ऐकत होता. सासरे ओट्यावर बसून चिकूच्या खोक्यांना खिळे ठोकत होते, तेही ऐकत होते.

आणि काय आश्चर्य, शुक्रवारी गाडीत बसले तर स्टिअरिंग सरळ! अगदी दोऱ्यात धरल्यासारखं. मी टाळीच वाजवली. "बघा, बसलं की नाही आपोआप! बिचाऱ्याला उगाच बोलले मी." नवरा खिडकीबाहेर बघत "हं" म्हणाला.

बोर्डी सोडून आत वळेपर्यंत मी गाणंसुद्धा गुणगुणत होते. मग ते वळण आलं. मी स्टिअरिंग फिरवायला गेले आणि ते फिरेना. म्हणजे अडकलं नव्हतं, पण एकदम दगड झालं. ज्याला रोज दोन बोटं पुरायची त्याला दोन्ही हातांनी ओढलं तरी इंचभर हलेना. समोरून गवताने लादलेला टेंपो येत होता. "अगं आई गं!" एवढंच तोंडातून निघालं. मी सीटवरून अर्धी उठून अंगाचा सगळा भार टाकला, गाडी कशीबशी वळली, टेंपोवाला शिव्या देत गेला आणि मी रस्त्याकडेच्या बांधाला गाडी टेकवून थांबले. समोरच्या काचेखाली एक पिवळा दिवा लागला होता. स्टिअरिंगचं चित्र आणि शेजारी उद्गारचिन्ह.

गाडी बंद करून पुन्हा सुरू केली. दिवा गेला. स्टिअरिंग लोण्यासारखं.

"काही नाही," नवरा म्हणाला, "जुनी झाली गाडी. चला."

चला काय चला! पण जायचं तर होतंच. मशीन वाट बघत नाही.

तेव्हापासून माझं जगणं त्या दिव्याभोवती फिरायला लागलं. सतत लागला असता तर परवडलं असतं. एखाद्या खेपेला जाता-येता काहीच नाही, मला वाटायचं, गेली पीडा. आणि पुढच्या खेपेला नेमका हायवेवर, डाव्या हाताला कंटेनर असताना लागायचा. लागला की स्टिअरिंग हलकं करणाऱ्या मोटरची मदत बंद, स्टिअरिंग दगड. बंद-चालू केलं की पुन्हा ठीक. पण हायवेवर धावती गाडी बंद कशी करणार? मी रस्ता बघायचं सोडून दिव्याकडे बघायला लागले, आणि ते त्याहून वाईट. स्वयंपाक करतानासुद्धा मला तो दिवा दिसायचा. सोमवारची आणि गुरुवारची रात्र माझी डोळ्याला डोळा न लागता जायची. दुसऱ्या गाडीची सोय बघितली नाही असं नाही. भाड्याचे ड्रायव्हर एकदा यायचे, दुसऱ्यांदा फोन उचलायचे नाहीत. चार तास थांबून परत यायला कुणाला वेळ आहे?

डहाणूच्या आमच्या नेहमीच्या मेकॅनिकने फ्यूज बघितला, बॅटरीच्या टोकांना पॉलिशपेपर मारला आणि सांगितलं, "वहिनी, आता डोळे मिटून चालवा." पुढच्याच खेपेला अच्छाडच्या रांगेत दिवा लागला. डोळे मिटून म्हणे!

मग नवरा मशीनवर असताना मी गाडी वापीच्या एका मोठ्या सर्व्हिस सेंटरला नेली. तिथे एका मुलाने लॅपटॉप जोडला आणि मला काचेच्या खोलीत थंडगार पाणी दिलं. तिथला साहेब अर्धं गुजराती, अर्धं हिंदी बोलायचा. "बेन, टॉर्क सेन्सर का फॉल्ट है." मी म्हटलं, मला समजेल असं सांगा. तेव्हा त्याने हाताने दाखवत समजावलं. स्टिअरिंगच्या चाकाखाली जो दांडा जातो त्याच्यात एक सेन्सर बसवलेला असतो. आपण चाक किती जोराने, कुठल्या बाजूला पिळतोय हे तो ओळखतो आणि मोटरला सांगतो, मोटर तेवढी मदत करते. सेन्सर उलटसुलट सांगायला लागला की मोटर स्वतःला बंद करून घेते. नाहीतर उजवीकडे वळायचं असताना डावीकडे ढकलेल.

"ढकलेल?" मी हातातला ग्लास खाली ठेवला.

"नहीं, नहीं, बंद ही हो जाता है," तो घाईने म्हणाला. "सेन्सर अलग नहीं मिलता. पूरा दांडा बदलना पडेगा. ऑर्डर डालना पडेगा."

"कधी येईल?"

"बोल नहीं सकते."

"तोवर?"

"तब तक संभालके चलाना, बेन."

सांभाळून म्हणजे काय, ते मला आजवर कुणी समजावून सांगितलेलं नाही. मी त्याला म्हटलं, "भाई, तुम्ही तुमच्या घरच्या माणसाला यात बसवाल का?" त्याने मान खाली घातली. त्याचा तरी काय दोष! पण मी तणतणत बाहेर पडले.

परतताना मी नवऱ्याला सगळं सांगितलं. सेन्सर म्हणे दांड्यातच असतो, पूर्ण दांडाच बदलायचा, पण तो कधी येईल ते देवालाच ठाऊक. तो मागे डोकं टेकून बसला होता, ओठ पांढरे पडलेले. "दांड्यात?" त्याने विचारलं. मग डोळे मिटून घेतले. मला वाटलं, झोपला.

तलासरीला हायवे सोडून वळताना दिवा लागला. मागे कंटेनर. त्याचा हॉर्न असा वाजला की वाटलं गाडीच्या आतच वाजतोय. मी दोन्ही हातांनी लोंबकळून स्टिअरिंग ओढत होते, घाम डोळ्यांत जात होता, आणि मनात एकच, याच्या डाव्या हातावरच्या फिस्टुलाला, मशीनच्या सुयांसाठी जोडून घेतलेल्या त्या शिरेला, धक्का लागता कामा नये, तो हात गेला तर सुई कुठे टोचणार? वळण पार झालं आणि जे पहिलं गॅरेज दिसलं तिथे मी गाडी घुसवली. गाडीतून उतरून मी सरळ त्या मेकॅनिकला म्हटलं, "दादा, माझ्याने आता होत नाही."

तो गाड्यांच्या वायरिंगचं काम करायचा, उधव्याहून रोज यायचा. त्याने गाडीकडे कमी आणि नवऱ्याकडे जास्त बघितलं. म्हणाला, "ताई, आज यांना घरी न्या. मोकळ्या दिवशी गाडी घेऊन या. एकदम दांडा बदलायच्या आधी वायरी बघून घेऊ. पुष्कळदा फॉल्ट तिकडेच असतो." हळूहळू, बारक्या रस्त्याने, जीव मुठीत धरून मी घरी आणली.

दुसऱ्या दिवशी मी निघाले तर सासरे शर्ट घालून तयार. "मी पण येतो." मी म्हटलं, बाबा, कशाला? तिथे ऊन, धूळ. म्हणाले, "बसेन एका बाजूला. तू एकटी नको जाऊ." त्या दिवशी दिवा लागला नाही. कधी लागू नये तेव्हा लागायचा आणि दाखवायला नेलं की शहाण्यासारखा गप्प बसायचा.

मेकॅनिकने घाई केली नाही. आधी बॅटरी मोजली, मग इंजिन चालू ठेवून मोजली. डॅशबोर्डखाली आडवा पडून स्टिअरिंगच्या मोटरचे प्लग काढून पुसले, परत बसवले, अर्थिंगची वायर घट्ट केली. मग हाताएवढा स्कॅनर लावला आणि मला सीटवर बसवून म्हणाला, स्टिअरिंग हलकं डावीकडे पिळा, सोडा, उजवीकडे पिळा, सोडा. स्कॅनरवर दोन आकडे शेजारी शेजारी बदलत होते. "हे दोघं भावांसारखे बरोबर चालले पाहिजेत," तो म्हणाला. चाललेही होते. मग त्याने स्क्रूड्रायव्हरची प्लॅस्टिकची मूठ दांड्यावर हलकेच आपटली. टक. एक आकडा एकदम उडाला, दुसरा जागेवर. आणि दिवा लागला.

मला रडूच फुटलं. आनंदाने म्हणा, काय म्हणा. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा तो दिवा कुणीतरी मुद्दाम लावून दाखवला होता. मला भास होत नव्हते तर!

"सेन्सरच गेलाय ताई. वायरी चांगल्या आहेत. सर्व्हिस सेंटरवाला खरं बोलला." तो स्टिअरिंगकडे बघत राहिला. "पण हा असा आपोआप जात नाही हो. याला दणका बसलाय."

मी खड्ड्याचं सांगितलं. त्याने मान हलवली. "खड्ड्याचा दणका चाकाला बसतो, खालच्या रॉडला बसतो. इथवर एवढा येत नाही." मग त्याने स्टिअरिंगच्या मधली हॉर्नची टोपी पट्टीने उचकटून काढली, आत टॉर्चचा उजेड मारला आणि मला वाकून बघायला सांगितलं. मध्ये एक मोठा नट होता, त्याचे कोपरे झिजलेले, ताजे चकाकत होते. आणि दांड्याचं टोक चेपलं होतं. "हे कुणी उघडलं? स्टिअरिंग काढलंय कुणीतरी. निघत नव्हतं म्हणून दांड्यावर हातोडा मारलाय. जुन्या गाड्यांना चालायचं. याच्यात आत सेन्सर आहे, याला हातोडा म्हणजे डोक्यातच घाव."

माझ्या डोक्यात वीज चमकली. अलाइनमेंटवाला! चिन्ह सरळ करायला त्याने चाकाला हात घालायच्याऐवजी स्टिअरिंगच काढून सरळ बसवलं असणार! बोटभर तिरकं त्याने दिलं होतं, हे त्या रागात माझ्या डोक्यातही आलं नाही. तो रस्त्यापलीकडेच होता. मी हायवेच्या सर्व्हिस रोडवरून पदर खोचून जी गेले, ती त्याच्या गिऱ्हाइकांसमोरच सुरू झाले. "माणूस मारायला बसलास का रे इथे? पेशंट असतो गाडीत माझ्या! हातोडा मारतोस सेन्सरवर?"

तो आधी गांगरला, मग तापला. "मॅडम, तोंड सांभाळून बोला. उगाच आळ घेऊ नका. मी स्टिअरिंग उघडतच नाही, खालून रॉड फिरवून सरळ करतो. तुमच्यासमोर केलं की नाही? तुम्ही इथेच उभ्या होतात."

"मग काय भुताने उघडलं?"

चहाच्या टपरीवरची माणसं गोळा झाली. मी आणखी काय काय बोलले ते आठवत नाही, आठवून चांगलंही वाटणार नाही. तेवढ्यात मागून कुणीतरी माझ्या खांद्याला हात लावला. सासरे होते. एकटे रस्ता ओलांडून आले होते, ज्यांना अंगणातली पायरी दिसत नव्हती ते.

"त्याला नको बोलू," ते म्हणाले. "मी उघडलं."

मला आधी अर्थच लागला नाही.

"तू बाजारात गेली होतीस. जीपला आम्ही असंच करायचो. टोपी काढायची, नट ढिला करायचा, स्टिअरिंगचं चाक घट्ट बसलेलं असलं तर वरून ठोकायचं, निघालं की सरळ करून बसवायचं. आयुष्यभर केलं. याच्यात दिवा आहे, सेन्सर आहे, मला काय ठाऊक?"

अलाइनमेंटवाल्याने खुर्ची आणून दिली. त्यालाही कळलं असावं. मी माफी मागितली की नाही तेही आठवत नाही, बहुधा मागितली. सासरे खुर्चीवर बसले आणि माझ्याकडे न बघता बोलत राहिले. "तू म्हणत होतीस, वाकडी मान करून चालवू का. माझी किडनी डॉक्टरांनी घेतली नाही, म्हातारी आहे म्हणाले. गाडी मला चालवता येत नाही. पोराला द्यायला माझ्याकडे काही राहिलं नाही गं. म्हटलं, तेवढं स्टिअरिंग तरी सरळ करून द्यावं."

हे मला माहीत होतं. माझा रक्तगट जुळला नाही तेव्हा सासरेच हट्टाने मुंबईला तपासायला गेले होते, डॉक्टरांशी भांडले होते, एवढा मोठा माणूस. तिथून आल्यावर त्यांनी पुन्हा तो विषय काढला नव्हता. मला त्यांचा भयंकर राग आला होता आणि त्याच वेळी त्यांचे पाय धरावेसे वाटत होते. मी म्हटलं, "बाबा, मेलो असतो हो आम्ही."

"हो," ते म्हणाले. "मला आता कळतंय." आणि मग माझा हात धरून, "त्याला नको सांगू."

मी शब्द दिला. न देऊन काय करणार होते?

नवीन दांड्याची वाट बघण्यात अर्थ नव्हता. मेकॅनिकने भिलाडकडच्या भंगारवाल्याकडून आमच्याच मॉडेलच्या, मागून ठोकलेल्या गाडीचा दांडा मिळवला. मागून ठोकलेली म्हणजे पुढचा भाग शाबूत, असं त्याने मला समजावलं. आधी त्याच्यावर स्कॅनर लावून दोन्ही आकडे बरोबर चालतात का बघितलं, मूठ आपटून बघितली, मगच बसवला. मधल्या एका खेपेला शेजारच्यांनी चिकूच्या पिकअपमधून नेलं. नवरा पुढे ड्रायव्हरजवळ, मी मागे खोक्यांवर.

दांडा बसल्यावर त्याने चाकं अगदी सरळ करायला लावली आणि सांगितलं, आता स्टिअरिंगला कुणी बोटसुद्धा लावायचं नाही. नवीन सेन्सरला आधी जोर नसणं म्हणजे काय ते शिकवावं लागतं, मग त्यावरून तो बाकीचं मोजतो. स्कॅनरवर काहीतरी दाबलं, थांबला, पुन्हा दाबलं. शून्य. मग मला चालवायला बसवून स्वतः शेजारी बसला आणि तलासरीच्या सगळ्या खड्ड्यांतून फिरवलं. मी दर खड्ड्याला डोळे मिटत होते. "ताई, डोळे उघडे ठेवा, मलाही बायको-पोरं आहेत," तो म्हणाला. दिवा लागला नाही.

पहिल्या शुक्रवारी तरी माझा विश्वास बसला नव्हता. बोर्डी गेली, ते वळण गेलं, झरी गेली. तलासरी ओलांडून हायवेला लागलो तेव्हा कुठे मी श्वास सोडला. म्हटलं, "सुटलो बाई. कुठल्या तरी मेकॅनिकने हातोडा मारला होता म्हणे, काय सांगायचं एकेकाला." शब्द दिला होता ना मी.

नवरा म्हणाला, "बाबांनी."

मी त्याच्याकडे बघितलं.

"कॉटवरून ऐकलं मी. ठोकत होते. मला वाटलं खोकं ठोकतायत. पण शुक्रवारी स्टिअरिंग सरळ दिसलं तेव्हा समजलं. आणि सेन्सर दांड्यात असतो म्हणालीस, तेव्हा तर..."

मी गाडी बाजूला घेतली. शांतपणे, सिग्नल देऊन घेतली, हे मला अजून आठवतं. थांबवली आणि मग मात्र माझा बांध फुटला. "तुम्हाला माहीत होतं? तलासरीला मागे कंटेनर होता तेव्हा तुम्हाला माहीत होतं? मी रात्र रात्र जागते, देवाला नवस बोलते, आणि तुम्ही शेजारी बसून गप्प?"

"सांगितलं असतं तर बाबा खचले असते. त्यांना आधीच..."

"आणि मी? स्टिअरिंगवर कोण होतं? मी मेले असते तर?"

"मीही होतोच ना गाडीत."

"तुम्ही होतात, कारण तुम्हाला काही फरक पडत नव्हता!"

हे मी रागात बोलून गेले. बोलल्यावर मला वाटलं, तो नाही म्हणेल. ट्रक शेजारून जात होते आणि प्रत्येक ट्रकबरोबर आमची गाडी हलत होती. तो डाव्या हाताच्या फिस्टुलावर उजवा हात ठेवून बसला होता.

"नव्हता पडत," तो म्हणाला. "खरं सांगतो. मला वाटायचं, झालं तर झालं, मशीनवर मरण्यापेक्षा बरं. तू पण त्यात आहेस, हे माझ्या डोक्यातच यायचं नाही. त्या दिवशी कंटेनर मागे होता, तू उभी राहून ओढत होतीस ना, तेव्हा आलं."

इतके दिवस मी ज्याला पोचवत होते, त्याला पोचायचंच नव्हतं. मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले, चांगलं हमसून रडले. त्याने अडवलं नाही. पाठीवर हात ठेवला आणि तसाच ठेवला.

सिस्टरकडे दर वेळी अर्धा तास आधी सोडा म्हणून गयावया करणारा माणूस हा. त्याने मनगटावरचं घड्याळ बघितलं.

"चल, आवर," तो म्हणाला. "उशीर झाला तर तास कापतील. मला आज पुरे चार तास हवेत."